वडापासून उघाडीपर्यंत

मी सायकल घेतली तेव्हा गावात दोन मतं होती. काहींच्या मते मी पडून मरणार होतो, आणि काहींच्या मते पडणार होतो पण मरणार नव्हतो. बांधाच्या राखणदाराला मात्र माझ्या मरणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने सायकलीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाचं रबर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि विचारलं, "आनि बांधाचं काय?"

सन अठ्ठावीस की एकोणतीस असेल. उरणच्या बाजूच्या खाडीला लागून आमची भातशेती होती, आणि ती भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर. खाडी आणि शेत यांच्यामध्ये एक चिखलाचा बांध, माणसाच्या छातीइतका उंच, माथ्यावर जेमतेम दीड हात रुंद. त्याच्या एका अंगाला खारं पाणी आणि दुसऱ्या अंगाला गावाचा वर्षाचा भात. बांध फुटला तर आम्ही म्हणायचो, खांड पडली. खांडीतून पाणी शेतात शिरलं की हातचं पीक जायचंच, पण पुढे तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकायचा नाही. म्हणून पावसाळ्यात बांधावर गुरं न्यायची नाहीत आणि जोडे घालून चालायचं नाही, असा गावाचा नेम होता. सायकलीबद्दल नेम नव्हता, कारण गावात सायकल नव्हती.

राखणदार साठीचा, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. गावातली सगळी तरणी माणसं त्याला काका म्हणत. राखणीबद्दल गावाने त्याला शेताचा एक तुकडा दिला होता, तोही बांधाच्या सगळ्यांत कच्च्या जागेच्या बरोबर खाली. ही आमच्या वाडवडिलांची अक्कल. जो बांध सांभाळतो त्याचंच ताट पहिलं बुडेल अशा जागी मांडायचं, म्हणजे त्याला बरोबर जाग राहते. लहानपणी मला ही फार हुशारीची गोष्ट वाटायची.

मला सायकल हौस म्हणून नको होती. उरणला एका गुजराती शेठच्या मिठाच्या पेढीवर मला कारकुनी मिळाली होती. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांना सकाळ-संध्याकाळ उचलून बसवणं, धुणं, कूस बदलणं एकट्या बायकोच्या आवाक्यातलं नव्हतं, त्यामुळे उरणला खोली घेऊन राहायची सोय नव्हती. डोंगराच्या पायथ्याने जाणारा रस्ता तेरा मैलांचा, बांधावरून आठ. हे पाच मैल माझ्या डोक्यात असे काही बसले होते की दुसरं काही सुचत नव्हतं.

काकाने अट घातली. गावाबाहेरच्या वडापासून उघाडीपर्यंतचा अर्धा मैल बांध कच्चा होता. उघाडी म्हणजे ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचा लाकडी दरवाजा. पहिल्या पावसापासून भात कापून होईपर्यंत या अर्ध्या मैलात सायकल खांद्यावर घ्यायची, चाक मातीला लावायचं नाही. त्याने मला बांधावर नेलं आणि मातीवर हात ठेवून तसं बोलायला लावलं. मी बोललो. पेढीवर लागलेल्या माणसाला असल्या जुन्या थाटाचं जरा हसू येतं, तसं मलाही आलं होतं, पण मी ते दाबलं.

उन्हाळ्याचे महिने सुखाचे गेले. बांध दगडासारखा वाळलेला. समोरून येणारं माणूस मला पाहून शेतात उडी टाकायचं आणि वर मलाच शिव्या द्यायचं. मी मनातून खूश होतो. घरून निघून तासाभरात पेढीवर बसणारा माणूस आमच्या गावात आजवर झाला नव्हता.

मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. डोक्यावरचं इरलं वाऱ्याने शिडासारखं फुगायचं आणि सायकल मला घेऊन भलतीकडेच निघायची. शेवटी इरलं टाकलं आणि घोंगडी कमरेला बांधून भिजत जाऊ लागलो. पण खरा जाच त्या अर्ध्या मैलाचा. लोखंडाचं ते धूड खांद्यावर, पायाखाली लोण्यासारखा चिखल, दांडी हाडात रुतलेली. खांद्यावर आधी वळ उठला, मग कातडी सोलली. पेढीवर उशीर होऊ लागला. शेठ कधी आवाज चढवत नसे. दाराशी उभा राहून, माझ्या पायांखाली साचलेल्या थारोळ्याकडे पाहत एवढंच म्हणायचा, "महेताजी, मोडू थयु." उशीर झाला. त्याच्या त्या सौम्य बोलण्याची मला शिव्यांपेक्षा जास्त धास्ती वाटे.

पावसाळ्यात माझं काम काय, तर मिठाच्या राशी सांभाळणं. गवताने शाकारलेल्या मोठमोठ्या राशी, त्यांवर कुठे गळतंय का ते फिरून पाहायचं, ओलं झालेलं मीठ जिभेवर ठेवून कितपत धुपलं ते सांगायचं. शेठच्या खाऱ्या मालाला गोडं पाणी लागू नये म्हणून मी दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसायचो. आणि सकाळ-संध्याकाळ गावाच्या बांधावर काय करत होतो, ते आता सांगतो.

ज्येष्ठ सरताना एक दिवस मी सायकल खांद्यावर घेतलीच नाही. पाऊस उघडला होता, आसपास कोणी नव्हतं, मी चढलो आणि उघाडीपर्यंत सरळ गेलो. काही झालं नाही. बांध तिथेच, खाडी तिथेच. मागे बोटभर खोल एक रेघ उमटली होती. संध्याकाळी तसाच आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रेघ नाहीशी झालेली, माती सपाट. मी काय समजलो? पावसाने बुजवली! ज्याचा सगळा जन्म चिखलात गेला, जो सहा इयत्ता शिकला, त्या माणसाने असं समजावं! पाऊस माती नेतो, आणत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मला ते समजून घ्यायचं नव्हतं, कारण खांदा दुखत होता. तेव्हापासून मी रोज सायकलीवर बसूनच जाऊ लागलो.

आषाढात एका संध्याकाळी, सायकल घरी लावून बाहेर पडलो तर काका वडाखाली भेटला. हातात रिकामी टोपली होती. त्याने विचारलं, "सायकल उचलून नेतोस नं?"

"व्हय काका. रोज."

तो माझ्या खांद्याकडे बघत होता. त्यावरची खपली तोवर पडून गेली होती. "बरं," म्हणाला आणि चालू लागला. मी मनात म्हटलं, सुटलो.

भादव्यात भात पोटरीत आला. त्याच सुमारास काकाला हिवताप चढला आणि तो झोपडीतून बाहेर पडेना. दोन दिवस माझ्या लक्षात काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी चाक आपोआप एका खाचेत जाऊन बसलं. कालची रेघ होती, परवाचीही होती. चौथ्या दिवशी खाच चार बोटं खोल झाली, तिच्यात पाणी साठलं आणि चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, भोकं पाडायला सुरुवात केली. पाऊस तर रोज पडत होता. मग आताच का बुजत नव्हती? मी उतरून उभा राहिलो.

संध्याकाळी काकाच्या झोपडीशी गेलो. तो आत घोंगडीखाली कुडकुडत होता. काकी बाहेर आली. मी काही विचारायच्या आधीच ती हळू आवाजात म्हणाली, "रोज संध्याकाळी तू गेलास का तो टोपली घेऊन निघायचा, बाला. तुझ्या चाकाचा वळ बुजवायला. मी बोलले, त्याला सांग की. तं मना बोलला, त्याचा बाप आजारी हाय, ऱ्हाऊ दे."

म्हणजे आषाढात वडाखाली मी "रोज" म्हणालो तेव्हा त्याच्या हातातली टोपली नुकतीच माझ्या रेघेवर रिकामी झाली होती. कोणी पायातली काढून मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी सायकल खांद्यावर घेऊ लागलो. पण पडलेली खाच त्याने बुजणार नव्हती. ती बुजवायचीही रीत असते. ओहोटीला खाडीच्या पोटातला चिवट चिखल काढायचा, त्यात पेंढा घालायचा आणि टाचेने थर थर तुडवायचा. मी घाईघाईने शेतातली चार ढेकळं टाकली, पायाने दाबली. ती रात्रीच्या पावसात वाहून गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. गावात कोणाला सांगावं, तर का आणि कशी पडली ते सांगावं लागणार. मी ठरवलं, रविवारी पेढी बंद असते, दिवसभर बसून नीट काम करू. सर्वपित्री अमावास्या शुक्रवारी होती. वर्षातलं मोठं उधाण त्या दिवशी येतं हे मला ठाऊक होतं. आणि तरी मी रविवार ठरवला.

शुक्रवारी घरी पितरांचं पान वाढायचं म्हणून मी शेठची परवानगी घेऊन दहालाच निघालो. दक्षिणेकडून वारा सुटला होता. अमावास्येला आमच्याकडे भरती भर दुपारी पुरी होते. रस्ता सोडून बांधावर आलो तर खाडी ओळखू येईना. पाणी बांधाच्या गळ्याशी आलेलं, आणि वारा त्याला आणखी रेटत होता. पुरी भरायला अजून पाऊण तास होता. मी पायडल मारताना पाण्याकडे पाहत होतो आणि पाण्याकडे पाहू नये असंही वाटत होतं.

उघाडीपाशी उतरलो, सायकल खांद्यावर घेतली. शे-दीडशे पावलं गेलो असेन. समोर माझी खाच होती आणि तिच्यातून पाणी वाहत होतं. फार नाही, मनगटाएवढी धार. बांधाचा माथा सगळीकडे कोरडा, फक्त माझ्या चाकाने केलेल्या जागी पाण्याने वाट काढली होती आणि ते शेताच्या अंगाने खाली उतरत होतं. खाली काकाचा तुकडा. भात लोंब्या टाकून उभा होता.

मी सायकल शेतात फेकली. घोंगडी खाचेत कोंबली, तिच्यावर बसलो, दोन्ही हातांनी चिखल ओढून लावला. धार थांबली. मग माझ्या मांडीखालची माती हलली आणि घोंगडी, चिखल, सगळं एका दमात शेतात गेलं. आता ती धार राहिली नव्हती, ओहोळ झाला होता. मी ओरडलो. वारा माझ्याच तोंडावर येत होता. बांधावर चिटपाखरू नव्हतं. पितरांचा दिवस, ऐन दुपार, सारं गाव घराघरांत कावळ्याची वाट बघत बसलेलं. राखणदार तापात पडलेला.

मग मी धावत सुटलो. सायकल काढून तिच्यावर बसलो असतो तर निम्म्या वेळात वडापाशी पोचलो असतो, हे मला कळत होतं. पण त्या मातीला पुन्हा चाक लावायची हिंमत होईना. दोनदा पडलो. वडाशी आलो आणि पहिल्या घरापासून ओरडत गेलो, "खांड! खांड!"

आमच्याकडे हा शब्द कानावर पडला की तोंडातला घास गिळायलाही थांबायचं नसतं. मी पाहिलं, माणसं पानावरून तशीच उठली. कावळ्यासाठी वाढलेली पानं अंगणात तशीच राहिली. फावडी, टोपल्या, पेंढ्याचे भारे, जे हाताला लागलं ते घेऊन बायामाणसांसकट गाव पळालं. पोचलो तेव्हा खांड दोन पुरुष रुंद झाली होती.

खांड भरताना आधी माणसांची भिंत करतात. खाडीकडे पाठ करून, एकमेकांच्या हातात हात अडकवून चिखलात फतकल मारून बसायचं. पाणी पाठीवर झेलायचं, आणि पुढे शेताच्या बाजूने बाकीच्यांनी चिखल-पेंढ्याचा थर चढवायचा. मी पहिला बसलो. त्यात शौर्य नव्हतं. दुसरीकडे कुठे उभं राहायला मला तोंड नव्हतं. पाणी छातीपर्यंत चढलं. पाठीवर एकेक लाट आदळली की रांग पुढे सरकायची आणि पुन्हा मागे रेटायची. शेजारचा माणूस दात ओठ खाऊन आकडे मोजत होता. मी फक्त समोर पाहत होतो. समोर काकाचा भात एका बाजूने बुडत चालला होता.

कोणीतरी म्हणालं, काका आला. घोंगडी पांघरलेला, काकीच्या खांद्यावर हात टाकून तो बांधावर उभा होता. अंग तापाने थरथरत होतं, पण आवाज स्थिर होता. "तळाला पेंढा घाला. वरती नको, तळाला." त्याने स्वतःच्या शेताकडे एकदाही पाहिलं नाही. एकच्या पुढे पाणी थबकलं, मग उतरू लागलं. तोवर नवा थर माणसांच्या गळ्यापर्यंत आला होता. आम्हांला एकेकाला ओढून बाहेर काढलं. माझे हात शेजाऱ्याच्या हातांतून सुटेनात, बोटं उघडून सोडवावी लागली.

गावाचा भात वाचला. काकाचा तुकडा तेवढा बुडाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

माणसं दमून बांधावर बसली होती. एकाने विचारलं, "फुटला कशानं?" मी तोंड उघडलं. माझ्या आधी काका म्हणाला, "चिंबोरीचं बीळ व्हतं." राखणदाराचा शब्द, कोणी पुढे विचारलं नाही. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात. संध्याकाळी कोणीतरी सायकल चिखलातून उपसून माझ्या दाराशी आणून लावली, वर धुऊनही ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, दाराशी पोचेपर्यंत सगळं विसरलो. "काका, मी..." एवढंच आलं आणि रडू फुटलं. तिशीच्या, पेढीवरच्या माणसाला शोभणारं नव्हतं ते. त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "चाक लावलंस त्याचं काय न्हाय. मी व्हतो तवर तुझं चाक बांधावर दिसलं न्हाय कोनाला. पन मी इचारलं तवा खोटं बोललास. खरं बोलला असतास तं, तापात पडलो तवा कोनाला तरी टोपली घेऊन धाडला असता मी. तुझं खोटं उघडं पडंल म्हून धाडला न्हाय."



गावाला मी खरं सांगितलं, त्याला महिना लागला. चार लोक चार दिवस बोलले, मग विसरले. मी मात्र बांध सोडला. त्यानंतर तीन वर्षं, बाराही महिने, मी डोंगराच्या पायथ्याने तेरा मैल गेलो आणि तेरा मैल आलो. पहाटे वडिलांचं आटोपून अंधारात निघायचं. पावसात ओढ्याला कमरेएवढं पाणी असलं की सायकल डोक्यावर घ्यायची. वैशाखात उलटं वारं छातीवर घ्यायचं. खाऱ्या हवेने साखळी गंजायची, तिला खोबरेल तेल लावायचं. बाभळीचा काटा रुतला की रस्त्यात बसून रबर काढायचं. शेठ "मोडू थयु" म्हणाला की मी मान खाली घालायचो, कारण सांगत नसे. वाटेत एका वळणावर आमचा बांध दिसायचा, सरळ, जवळचा. तिथे मी नेहमी पायडल जोरात मारायचो.

दर पावसाळ्याच्या तोंडाला, जमीन चांगली भिजली की, काका आपल्या तुकड्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाही. मीठ उतरलं का ते जमिनीला असंच विचारतात. त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन उभा राहायचो. पहिल्या वर्षी त्याने चाखली, थुंकला, घरी गेला. दुसऱ्या वर्षी जरा वेळ तोंडात धरली, मग थुंकला. गावाच्या भातातून त्याला वाटा मिळे, उपाशी तो राहिला नाही. पण आपलं शेत पडीक ठेवून दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारा म्हातारा रोज डोळ्यांसमोर असणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं.

तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा शेताच्या कडेला मोड आणलेल्या बियाण्याची टोपली ओल्या फडक्याखाली तयार होती. काकी फडक्याचं टोक धरून उभी होती. काकाने माती उचलली आणि ती जिभेवर न ठेवता माझ्यापुढे धरली. "तापानंतर माझ्या जिभेला काय समजत न्हाय. तू मिठाचा मानूस. तू सांग."

मी माती तोंडात घेतली. दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होती. टोपलीतल्या मोडांचा आंबूस वास येत होता. एक शब्द बोललो असतो की म्हातारा त्याच घटकेला शेतात उतरला असता, आणि माझ्या मानेवरचं तीन वर्षांचं ओझंही उतरलं असतं. माती जवळजवळ गोडी झाली होती. जवळजवळ. जिभेच्या मागच्या बाजूला, अगदी शेवटी, मीठ होतं. दिवसभर तेच चाखणाऱ्या माणसाला ते चुकत नाही.

"काका," मी म्हणालो, "अजून खारट हाय."

काकीने फडकं सोडलं. काकाने खाली वाकून चिमूटभर माती उचलली, स्वतःच्या जिभेवर ठेवली, चांगली घोळवली आणि थुंकला.

"व्हय. कालच चाखली मी," तो म्हणाला. "बियानं वरच्या शेतवाल्याचं हाय, त्याच्याकडं पेरायला चाललोय." टोपली डोक्यावर घेऊन तो चार पावलं गेला आणि वळला. "उद्यापासनं बांधावरनं जा. किती दिवस डोंगराला वळसा घालशील?"

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. वडाखाली मी उतरलो, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागलो. उघाडीपाशी पोचून ती खाली ठेवली तेव्हा खांदा सोलला होता. मागे वळून पाहिलं, तर बांधावर माझ्या अनवाण्या पावलांखेरीज काही नव्हतं.